पोकळ वाजणारे खांब

खांबाला कान द्यावा लागतो.
हातोडी आधी कमरेच्या उंचीवर, मग जमिनीलगत.
धडधाकट लाकूड टण्ण म्हणतं,
कुजलेलं ढब्ब,
तडा गेलेल्या मडक्यासारखं.
ऑल्डर लेकच्या वीजखात्यात सत्तावीस वर्षं
मी हेच ऐकतोय.

यंदा सोबत सल्लागार बाई आहेत, मिनियापोलिसहून आलेल्या,
श्रीमती थॉर्नक्विस्ट, नवेकोरे बूट, घोट्यापर्यंत बर्फात.
नगरपालिकेनं विचारलंय :
गावानं स्वतःचं फायबर टाकावं का,
खर्च किती, फिटेल कधी.
माझं काम खांबांपुरतं.
पण दारं वाजवायलाही माणूस हवा होता
आणि इथली कुत्री मला ओळखतात.

शंभरातल्या बेचाळीस घरांनी हो म्हणायला हवं, बाई सांगतात.
एकेचाळीस झाली तर कर्जरोखे बुडाले.
म्हैस पाण्यात,
आणि आम्ही काठावर उभे राहून
तिचं दूध मोजतोय.

ड्वेन पेल्कोनेन, हार्डवेअरचं दुकान. बसा म्हणाला नाही.
"हॉकीचं स्टेडियम आठवतं ना?
तेव्हाही असाच जाडजूड अहवाल होता.
पंधरा वर्षं हप्ते भरतोय, छप्पर अजून गळतं.
आधी मुख्य रस्त्याखालचा नळ बदला."
मी काही बोललो नाही.
गेल्या मार्चमध्ये त्या खड्ड्यात मीही उतरलो होतो.
नळाला स्क्रू-ड्रायव्हर नुसता टेकवला,
तर तो आत गेला.

रात्री साडेनऊ. ग्रंथालय बंद, वायफाय तेवढं चालू.
बाहेर एकच गाडी, काचांवर आतून गोठलेला श्वास.
शॉना बेल्कूर, नर्सिंगचं दुसरं वर्ष,
मांडीवर लॅपटॉप, बोटं कापलेले हातमोजे,
पडद्यावर हृदयाची झडप
अर्ध्या ठोक्यात अडकून बसलेली.
"लिहा हो," म्हणाली. "पण महिना किती पडेल?"
बाईंनी आकडा सांगितला.
तिनं इंजिन बंद केलं.
पेट्रोल वाचवायला की विचार करायला, कळलं नाही.

दरम्यान दारोदार कंपनीची पत्रकं, गुळगुळीत कागद :
तुमच्या कराचा जुगार होऊ देऊ नका.
तीच कंपनी, जिनं हायवेपलीकडच्या घरांना
सहा वर्षांत एकच शब्द कळवला,
लवकरच.

लेंपी हाकाला, वय एक्क्याण्णव, रस्त्यावरचं शेवटचं घर.
कॉफी ओतता ओतता बोलत होती.
"सहा वर्षांची होते मी. वीज कंपनी म्हणाली,
या रस्त्याला घरं कमी, परवडत नाही.
मग आमच्या बापांनीच झाडं तोडली, खांब रोवले.
पहिल्या रात्री आईनं दिवा लावला
आणि तिला कोपऱ्यातली जळमटं दिसली.
पहाटेपर्यंत झाडत होती बिचारी."
मग फायबर घेणार ना? बाईंनी पेनचं टोपण काढलं.
"मी? छे. मला काय करायचंय त्याचं.
पण कर वाढवलात तर भरीन."

तक्त्यात दोनच रकाने : हो, नाही.
बाई बराच वेळ पेन धरून बसल्या.
म्हणाल्या, हे कुठे धरायचं?
मी म्हटलं, समासात लिहा.
लिहिलं की नाही, मी पाहिलं नाही.

बाहेर तिच्या दारातला खांब. बिल्ल्यावर १९३८, गंजातून वाचलं.
कमरेवर मारली हातोडी. टण्ण.
वाकून बर्फ उकरला, खाली मारली.
मग आणखी एकदा,
वेगळं काही ऐकू येईल म्हणून.
तीनशे अकरावा. लाल पट्टी ठोकली.

खिडकी वर करून ती ओरडली, "काय म्हणतोय?"
"बदलायला हवा."
"मग बदला की."
"मेपर्यंत जमीन गोठलेली. खड्डा व्हायचा नाही."
"थांबेन,"
म्हणाली, आणि थंडी आत येते म्हणून
खिडकी लावून घेतली.