हळद्या आलाय म्हणे

बुर्या वारा अखेर दमला.
परवा रात्री छपरावरच्या धोंड्यांना
शेवटची ढुशी देऊन पाहिली त्याने
आणि विपावाचं खोरं सोडून समुद्राकडे गेला.
अल्बिनाने खिडक्या उघडल्या,
गाद्या उन्हात टाकल्या, मलाही टाकलं
अंगणातल्या बाकावर, दगडी भिंतीला टेकवून.

माझे कान पिंपांनी खाल्ले.
चाळीस वर्षं ओकच्या फळ्यांवर
लोखंडी पट्ट्या ठोकल्या, ठण् ठण् ठण्.
वाइन मुरत गेली, मी बहिरा होत गेलो.
आधी रातकिडे गेले, मग किल्ल्यांचा जुडगा,
मग पाखरं. एकेक करून नाही, सगळी एकदम,
कुणी झाड हलवावं तशी.

तेव्हापासून अल्बिना सांगते.
शेगडीपुढून चेहरा मुद्दाम माझ्याकडे वळवून,
ओठ सावकाश हलवत:
“कस्तूर बोलतोय, विहिरीवर.”
“आज दोन कस्तूर. भांडताहेत.”
आणि दरसाल, एप्रिल सरता सरता,
तव्यावर तेल सोडताना:
“हळद्या आलाय. अक्रोडावर.
वर बघू नकोस, दिसायचा नाही, पानांत बसतो.
बासरीत पाणी शिरल्यासारखं गातोय.”
सहा वसंत मी तो हळद्या
पावाबरोबर खाल्ला.

मंगळवारी दाम्याना मला नोवा गोरिचाला घेऊन गेली.
डॉक्टरीणबाईंनी कानात शेंगदाण्याएवढं यंत्र बसवलं.
परतताना लेकीचं जाकीट इतकं कर्कश वाजत होतं
की म्हटलं, बाई गं, ते काढ.
घरी आल्यावर मी यंत्रच काढून ठेवलं.
सवय नाही, म्हणालो. अल्बिनाने मान डोलावली.

आज पहाटे ती उठायच्या आत
ते कानात घातलं, वर लोकरी टोपी ओढली.

कस्तूर होता. खरंच विहिरीवर.
विसरलोच होतो, तो वाक्य अर्ध्यावर सोडतो,
थोडा विचार करतो, मग दुसरंच काढतो,
जेवणानंतरच्या माझ्या काकासारखा.
लांब मळ्यात कुक्कू ओरडला
आणि हात आपोआप खिशात गेला.
वर्षातला पहिला कुक्कू ऐकताना
खिशात नाणं वाजायला हवं, असं आमच्याकडे मानतात.
हाताला लागली यंत्राची जादा बॅटरी.
गोल तर आहे. चालून जाईल.

मग अक्रोडाखाली उभा राहिलो, मान अवघडेपर्यंत.
वर पानंच नव्हती.
बोटभर तांबूस कोंब नुसते.
त्यांत हळद्या काय, माशीसुद्धा लपली नसती.
सहा वर्षं मी शहाण्यासारखा
वर बघितलं नव्हतं.

आत आलो तर ती बडीशेपेचा पाला चिरत होती,
पुदिना, जरासा सेज, बांधावरून खुडलेले
रानशतावरीचे कोवळे कोंब.
सुरीखाली ते कोंब बोलतात हो!
कच्, कच्, ओल्या आवाजात.
अंडं कडेवर फुटलं. काटा वाडग्यात धावू लागला.
तिची डावी चप्पल घासते, उजवी नाही.
गुडघा वाजतो. मला कधी म्हणाली नाही.
तेलात मिश्रण पडलं
आणि सगळं स्वयंपाकघर चर्रकन उभं राहिलं.
माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कांद्याचं म्हणावं
तर फ्रताल्यात कांदा नव्हता.

तिने चेहरा वळवला. ओठ सावकाश:
“हळद्या आलाय.”

“काय म्हणतोय?” मी विचारलं,
बहिऱ्याला शोभेल इतक्या मोठ्याने.

झारा हवेत धरून ती क्षणभर थांबली.
खिडकीबाहेर कस्तूरही नेमका गप्प होता.
“म्हणतोय, खाऊन घ्या, निवेल.”
मग पाठ फिरवून तिने फ्रताल्या उलथली
आणि कुणीच ऐकत नाही अशा बेताने
हलकीशी शीळ घातली. तीन सूर. वर, खाली, वर.
बासरीत पाणी शिरल्यासारखी.

फ्रताल्या एका बाजूने करपली होती.
मी तीच बाजू मागून घेतली.
यंत्राचं तिला रविवारी सांगेन.
किंवा द्राक्षं उतरवून झाल्यावर.
टोपीत घाम येतोय खरा,
पण मे महिना काय, निघेल.