दहा मागितले होते

हारिका, तू दहा लिहून मागितलेस,
क्रमाने, नावासकट, सालासकट.
नावं मला राहत नाहीत, बाळ.
आठवड्याच्या पगारातून तिकीट काढणारा माणूस
पाट्या वाचत नाही,
आधी पंखा कुठे आहे ते बघतो.

पहिला म्हणून नाही, आठवला म्हणून सांगतो.
गड्ड्याच्या जत्रेत तंबू, संक्रांतीची थंडी,
पडद्याच्या मागच्या बाजूला अर्धं तिकीट.
अक्षरं उलटी, तलवार डाव्या हातात.
त्या नायकाला मी बारा वर्षं डावखुरा समजत होतो
आणि इरय्या वड्डेपल्लीनं तर
त्याच्यासारखं व्हायचं म्हणून
डाव्या हातानं धोटा मारून बघितला.
दोन दिवसांची मजुरी कापली गेली.
पुढे तोच सिनेमा समोरून पाहिला.
उजव्या हाताने लढत होता,
कुणीही लढेल तसा.

दुसरा मध्यंतरापर्यंतच.
मिलचा भोंगा थेटरात ऐकू यायचा
आणि रात्रपाळीचे आम्ही तीस-चाळीस जण
एकदम उठायचो. व्हिलनसुद्धा दचकत असेल.
त्यातला मुलगा आगगाडीत हरवलाय.
मिल बंद पडली तेव्हा वेळच वेळ होता,
पण सिनेमा निघून गेला होता, बार्शी, करमाळा, कुठं कुठं.
तो मुलगा अजून हरवलेलाच आहे.

एक होता, त्यात काहीच घडत नाही.
एक म्हातारा, एक सायकल, एक नदी.
बाहेर चव्वेचाळीसचं ऊन,
आत अर्धं सोलापूर सावलीला येऊन झोपलेलं.
ऑपरेटर महिबूबभाईही पेंगत असावा,
कारण तिसरं रीळ आधी लागलं, मग दुसरं.
म्हातारा आधी नदी ओलांडून गेला
आणि मग बराच वेळ अलीकडच्या काठावर
उभा राहिला, जावं का नको.
मला ते पटलं.
माझं लग्नही असंच झालं होतं.
मालक पैसे परत देऊ लागला,
मी घेतले नाहीत.

चौथ्याबद्दल तुझ्या आजीला विचार.
ती सांगणार नाही.

आणि आता तो, जो मी पाहिलाच नव्हता.
अम्मा पाहून यायची. किती हजार विड्यांना एक सिनेमा,
हा तिचा स्वतःशी हिशेब, कुणाला सांगितला नाही.
संध्याकाळी सूप मांडीवर घेतलं की
हिंदी सिनेमा तेलुगूत सुरू व्हायचा.
मारामारी आली की विड्या भराभर वळल्या जायच्या,
कुणी रडलं की ती दोरा दातांनी तोडायची,
कात्री शेजारीच असायची तरी.
त्यातल्या बाईला सासरी फार छळतात.
शेवटी ती शिलाई मशीन डोक्यावर घेते,
पहाटेच्या गाडीत बसते
आणि होटगीला उतरते.
होटगीला कुणाकडे, आम्ही विचारायचो.
"बघेल ती," अम्मा म्हणायची, "मशीन हाय की."

कितीतरी वर्षांनी तो टीव्हीवर लागला, दुपारचा.
बाई नवऱ्याच्या मांडीवर डोकं ठेवून मरते.
मशीन कुठेच नाही. गाडी नाही.
अम्मा तेव्हा थकलेली,
बोटांची टोकं तंबाखूने अजून तपकिरी.
मी विचारलं.
म्हणाली, "मरायला लागली तशी मी उठून आले बाबा.
घरी येईपर्यंत जिती झाली."

दहा मागितले होतेस.
एवढेच आहेत.
बाकीचे नुसते पाहिले.