धुक्याची बाही

बारा पानांची गोष्ट. त्यातली दोन पानं कोरी,
कारण तिथे धुकं आहे
आणि चित्रं काढणाऱ्या बाईंना तेवढंच जमलं.
हिचा मी नव्वद मिनिटांचा सिनेमा करणार,
हे सात मिनिटांत पटवायचं,
कोपनहेगनच्या एका हॉटेलात, टेबल क्रमांक एकोणीस,
समोर पाण्याची एकच बाटली आणि तीन चष्मे.

गोष्ट अशी:
एका रात्री धुकं बाइंटाचं दार वाजवतं.
मेंढ्यांच्या कुंपणाला अडकून त्याची बाही उसवलीय.
बाइंटा म्हणते, ये, पाय पूस, बस.
रात्रभर विणते. लोकर संपते,
तेव्हा ती स्वतःचा मोजा उसवायला घेते.
सकाळी धुकं उठतं, बाही चढवतं, निघून जातं.
बाइंटाचा एक पाय उघडा.
झालं. संपली.

"आणि खलनायक?" प्रेबेननी विचारलं.
विचारणारच होते. माझी तयारी होती.
नववी स्लाइड: धुक्याला दात.
धुकं कोकरं पळवतं, बाइंटाच्या बापाची होडी गिळतं,
आणि शेवटी बाइंटा त्याच्याच बाहीचं टोक धरून
उसवते, उसवते, उसवत सुटते,
धुकं पार संपेपर्यंत.
हे सांगताना माझेच हात हवेत दोरा ओढत होते.
मधल्या बाईंनी पहिल्यांदा पेन उघडलं.
"धुकं महाग पडेल," कुणीतरी म्हणालं.
"आमच्या बेटांवर फुकट मिळतं," मी म्हणाले.
हसले तिघं.
त्या वाक्याची तालीम मी गुरुवारपासून करत होते.

बाहेर, कोट टांगायच्या जागी उभं राहून
हानुसला फोन लावला.
वय चौऱ्याहत्तर. एके काळी आमची शाळेची बस चालवायचा.
ही गोष्ट त्याने एकदाच सांगितली,
खिंडीत बस अडकली तेव्हा, अकरा पोरांना.
मी तिसऱ्या सीटवर, बुटांत पाणी.
पुस्तक पुष्कळ नंतरचं, वाचनालयवाल्यांच्या हट्टापायी.

"मोजा ठेवलास ना?" त्याने एवढंच विचारलं.
ताकाला जाऊन भांडं किती लपवणार?
दातांसकट सगळं सांगून टाकलं.
पलीकडे काहीतरी उकळत होतं. ते ऐकत राहिले.

"त्या दिवशी," तो म्हणाला, "मला रस्त्याची कड दिसत नव्हती.
डावं चाक रस्त्यावर आहे की नाही, तेही कळत नव्हतं.
तुम्हाला वाटतं तुमच्यासाठी सांगितली.
बोलत राहिलं की हात कापत नाहीत, म्हणून सांगितली.
धुक्याला शिव्या घातल्या असत्या
तर तुम्ही सगळे खिडकीबाहेर बघत बसला असता.
म्हणून त्याला घरात घेतलं."
मग म्हणाला, "हे मात्र सिनेमात घालू नकोस."
मग म्हणाला, "बटाटे लागतील खाली,"
आणि ठेवलाच फोन.

पुढची भेट दोन चाळीसला. टेबल क्रमांक चार.
नववी स्लाइड उघडून बघते.
दात रान्वाने काढलेत, चार हजार क्रोनर घेऊन,
आणि खरं सांगायचं तर दात सुरेख आहेत.
पुसवत नाहीत.
तिच्या आधी एक कोरी स्लाइड घालते,
मग अजून एक.
बसचं नाही सांगणार. शब्द दिलेला नाही,
त्याने मागितलाही नाही, तरी.

टेबल चारवर एक तरुण जोडपं. त्यांच्या बशीत अर्धा केक.
पहिली कोरी स्लाइड येते.
ते पडद्याकडे बघतात, मग माझ्याकडे,
मग वायर निघालीय का म्हणून टेबलाखाली.
दुसरीही कोरी.
डावं चाक कुठे आहे, मला माहीत नाही.
मी बोलायला लागते.