खपली

माझं काम गोण्या मोजायचं.
लकडी बंदरच्या पत्र्याच्या गोदामात
एकोणीस वर्षं मी एकच वही भरली,
म्हणजे वह्या बदलल्या, रकाने तेच:
तारीख. आवक. खपली. शिल्लक.

आधी वाळू यायची, पांढरी.
ती फुफ्फुसात बसते म्हणून बंद झाली.
मग ही काळी आली, काचेसारखी धारदार,
तांब्याच्या भट्टीतली मळी, चाळून वाळवून
पन्नास किलोच्या गोणीत शिवलेली.
गोणीवर एक हिरवं पान छापलेलं असायचं.
का, ते मी कधी विचारलं नाही.

सूर्यभान पासवान नळी धरायचा.
डोक्यावर टोप, टोपाला रबरी पडदा,
डोळ्यांपुढे काच. ती दोन दिवसांत आंधळी व्हायची,
मोतीबिंदू झाल्यासारखी,
मग मी नवी द्यायचो, सही घेऊन.
कॉम्प्रेसर सुरू झाला की बोलणं संपलं.
बार्जच्या पोटावरचा गंज उडायचा,
लाल रंग उडायचा, त्याखालचा हिरवा,
आणि हिरव्यातलं विष,
शंख-शिंपल्यांनी चिकटू नये म्हणून मुद्दाम कालवलेलं.
शेवटी पोलाद उघडं पडायचं
राखेनं घासलेल्या परातीसारखं.
सर्व्हेअर भिंग लावून बघायचा, म्हणायचा, अडीच.
अडीच म्हणजे पास.
पोलाद किती स्वच्छ, त्याला आकडा असतो.

संध्याकाळी मी लिहायचो: खपली, दोनशे.

एकदा चांगुणा वैती फाटकाशी आली,
शिवडीच्या चिखलात कालवं फोडणारी.
ओच्यातून एक काढलं, कोयतीनं उघडलं,
बोटानं आतलं मांस बाजूला सारलं.
काळे कण. उन्हात चमकत होते.
"ह्ये तुमचंच ना?"
"आमची तर खपली, बाय," मी म्हटलं
आणि वही दाखवली, पुरावा म्हणून.
तिनं बोट ठेवून वाचलं, सावकाश.
"खपली म्हंजे गेली कुठं?"

त्या रात्री झोप नाही.
दोनशे गोण्या म्हणजे दहा टन.
आपटून, फुटून, पीठ झालं तरी दहाच टन.
वर गंज, वर रंग. म्हणजे दहाहून जास्तच.
तांदूळ खपतो, तेल खपतं, साबण खपतो.
ही खपत नाही, नुसती उठून दुसरीकडे बसते.
थोडी अंधार पडल्यावर ट्रकमधून,
कुणाच्या तरी जोत्याखाली भराव म्हणून.
बाकीची ओहोटीला, खराट्यानं, धक्क्याच्या कडेवरून खाली.
भरती येऊन धक्का धुऊन जायची.
पाणी फुकट होतं.

सकाळी मी नवा रकाना आखला. 'कुठे'.
मुकादमानं बघितलं, हसला,
पान फाडून त्यात भजी बांधून घेतली.
मी परत आखला नाही.
हे सांगायला हवं म्हणून सांगतो.

सूर्यभानच्या खोकल्याला कुणी वाळूचा म्हणालं, कुणी बिडीचा.
तो गावाला गेला छठला आणि आलाच नाही.
त्याच्या नावावर एक काच बाकी होती.
"खपला बिचारा," मुकादम म्हणाला,
आणि माझा हात सवयीनं
पेनाकडे गेला.

आता वही दुसरा कोणी भरतो.
मी कधीमधी ओहोटी बघून बांधावर जातो.
चिखलावर काळा थर धरलाय, कडक, कडा उचललेल्या,
पोराच्या गुडघ्यावर असतो तसा.
आई म्हणायची, खपली काढू नये,
खाली जखम भरत असते.
भरतेय का बघायला मी काठीनं जराशी उचकली.
खाली ओलं होतं, आणि वास आला.

एक निवटा उड्या मारत आला त्या जागेपर्यंत.
थांबला.
डोक्यावरच्या त्या दोन डोळ्यांनी आधी थराकडे बघितलं,
मग माझ्याकडे,
आणि लांबचा वळसा घालून
पाण्याकडे निघून गेला.