उतरायचं पान

मोबाइलला रेंज फक्त पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर.
तिसऱ्या पायरीवर दोन काड्या, पाचवीवर चार.
मी पाचवीवर बसते, ओढणी डोक्यावर घेऊन,
आणि जाहिराती तपासते.

काम असं, की आधी जाहिरात वाचायची,
मग तिच्यावर बोट ठेवायचं, पान उघडलं की पाहायचं
जे कबूल केलं होतं ते तिथं आहे का.
कंपनीवाले त्याला लँडिंग पेज म्हणतात.
मी म्हणते उतरायचं पान,
एसटीतून उतरायचा फाटा असतो तसं.
खाली तीन बटणं. जुळतं. थोडंफार. जुळत नाही.
एका जाहिरातीला सत्तर पैसे.

गुडघेदुखीच्या तेलावर बोट ठेवलं
तर रमीचा डाव उघडला.
'धानाचं बियाणं, घरपोच' म्हणाले
आणि आत एक गोरी बाई हसत उभी,
हातात गव्हाची लोंबी.
निळ्या सायकलीच्या मागं सायकलच नव्हती,
नुसता चौकोन : आपला नंबर टाका.
जुळत नाही, जुळत नाही, जुळत नाही.
संध्याकाळपर्यंत अंगठा असा निर्दय होतो
की आईनं "भाजी बरी झाली का वं?" विचारलं
तरी तो हवेत बटण शोधतो.

बाबा म्हणतात, आमच्या टायमाले असं नव्हतं.
बाबा म्हणजे शालीक पेंटर.
नागभीड ते सिंदेवाही, रस्त्यावरच्या अर्ध्या भिंती त्यांच्या :
खताचं पोतं, बिडीचं बंडल, युरियाहून पांढरे दात.
"भिंतीवर लिवलं म्हनजे मालक तिथंच रायते,
पयते कुठी?"

मी काही बोलले नाही.
फाट्यावरच्या भिंतीवर त्यांचाच बाण आहे.
मैनाबाईची खानावळ, २०० पावलं,
आणि खाली ताट, एवढं मन लावून काढलेलं
की वरणावरचा तुपाचा थेंबही चमकतो.
मैनाबाई लेकीकडे ब्रह्मपुरीला गेली त्याला नऊ वर्षं झाली.
दोनशे पावलांवर आता शेवगा आहे
आणि चुलीचा एक काळा दगड.

कार्तिकात हार्वेस्टर आले.
त्यातला एक ड्रायव्हर, पंजाबचा, गुरजंट नाव.
मराठी वाचता येत नव्हतं त्याला,
पण बाण येत होता. ताट येत होतं.
दुपारी दोन वाजता शेवग्याखाली उभा,
कधी झाडाकडे बघतो, कधी मागं रस्त्याकडे,
जसे ते सगळे उभे असतील
ज्यांना मी कधी पाहिलं नाही,
सायकलीवर बोट ठेवून चौकोनापाशी पोचलेले.

अर्धी जाहिरात तशीच सोडून मी टाकीवरून उतरले,
त्याला घरी आणलं.
आईनं कुरकुर केली आणि भात टाकला.
लाखोळीचं वरण, वांग्याची भाजी, दोन पोळ्या.
बाबा ताटाकडे बघत उभे. बराच वेळ.
"लिंबू नाई."
"बिन लिंबाचा खात नाई का मानूस?" आई म्हणाली.
"चित्रात लिंबू हाय."
आणि चप्पल न घालता गेले, उन्हातून,
चार घरी मागितलं, पाचव्या घरून फोड घेऊन आले,
ताटाच्या डाव्या बाजूला ठेवली,
मग जरा सरकवली.

गुरजंटला काही कळलं नाही. त्यानं लिंबू पिळलं.
पैसे देऊ लागला, आईनं घेतले नाहीत,
मग घेतले.

दुसऱ्या दिवशी बाबा चुन्याचा डबा घेऊन फाट्यावर गेले.
हात आता थरथरतो, तरी ताट पुसताना
कडेबाहेर एक शिंतोडा गेला नाही.
चुना पातळ होता पण.
सकाळचं ऊन तिरपं पडलं की बाण दिसतो,
आणि आई रोज वाटीभर तांदूळ जास्त घालते.
विचारलं तर म्हणते, कोंबड्यांसाठी.
कोंबड्या आमच्याकडे दोनच.