रात्रपाळीची वही

माझा जन्म लोणंद स्टेशनाबाहेरचा.
कुणीतरी कंदील धरला, म्हणून मी कंदिली.
म्हसवडच्या आश्रमशाळेत नाव घालताना
वीरकर गुरुजींनी लिहिलं: ज्योती.
म्हणाले, अर्थ तोच आहे गं.
बापानं अंगठा दिला. अंगठ्याला काय,
त्याला दोन्ही नावं सारखीच काळी.

केस कापले तेव्हा रडले नाही.
झोळीतला फासा मात्र काढून घेतला,
घोड्याच्या शेपटीचा, आजीनं वळलेला.
तो काचेच्या कपाटात टांगला, खाली चिठ्ठी:
‘पारध्यांचे शिकारीचे जुने साधन.’
जुने?
आदल्या बुधवारीच त्यात दोन लावे अडकले होते.

वाघरीत बोललं की शब्दाला चार आणे.
चार आणे नसले तर ताटं.
पहिल्या महिन्यात दीडशे ताटं घासली मी,
दुसऱ्यात चाळीस.
दिवाळीला पालावर गेले. आई बोलत होती
आणि मी मनात हिशेब करत होते:
आईचे झाले साडेसात रुपये.

पण तितराची शीळ दंडात बसत नव्हती.
तिला ना काना, ना मात्रा.
दिवे गेले की कोपऱ्यातून यायची,
एक लांब, दोन तुटक: आहेस का?
आणि पत्र्याखालच्या सगळ्या खाटा उत्तर द्यायच्या.
गुरुजी बॅटरी मारून माळावर बघायचे,
म्हणायचे, यंदा पाखरं फार.

आता त्याच शाळेत मी अधीक्षिका.
शुद्ध बोलते. तालुक्याला सूत्रसंचालन करते.
दंड केव्हाच बंद झाला.
मुलींची नावं आता जन्मदाखल्यावरच गोड असतात.

काल रात्री एक वाजता, खाट नंबर एकोणीस.
परवा आलेली, अजून कुणाशी बोललेली नाही.
एक लांब, दोन तुटक.
पंखा फिरत होता. चाळीस मुली,
एकीचंही उत्तर नाही.
मी दारात उभी. ओठ गोल केले.
नुसती हवा.
परत केले.
हवा.

वहीत वेळ लिहिली, खाट लिहिली,
कारणाच्या रकान्यात: खोकला.
औषधाची बाटली घेऊन तिच्या उशाशी बसले,
झाकण काही उघडलं नाही.
ती माझे ओठ बघत राहिली, बघत राहिली.
मग म्हणाली, जीभ खाली दाब.
वाघरीत. तीन शब्द.

आधी मनात आलं: बारा आणे.
मग कळलं,
की मला कळलं.