तिसरा चष्मा

यंत्र घोड्यांसाठी आहे.
तसा शिक्काच आहे पेटीवर,
आणि परवाना भिंतीवर, ताकुआरेम्बोच्या धुळीनं पिवळा पडलेला.

घोडी राखी रंगाची, नावही तेच: सेनिसा.
मार्चात, साठ किलोमीटरच्या शर्यतीत, शेवटचे बारा उरले असताना
तिच्या डाव्या पुढच्या पायाची शीर फुगली,
केळ्यासारखी बाक काढून.
मालक दोन एलादियो म्हणाले, विकून टाकू.
डॉक्टर नोएलिया म्हणाल्या, दहा आठवडे द्या.
मी काही म्हणालो नाही.
मोतद्दाराला कोण विचारतं.

तिघांनाही डोळे झाकावे लागतात.
बाईंना हिरवा चष्मा, मला हिरवा चष्मा,
घोडीच्या डोळ्यांवर माझा पोंचो, दुहेरी दुमडून.
मी म्हणतो, हा तिसरा चष्मा. बाई हसत नाहीत.
असला उजेड, की दिसत नाही.
टोकाशी तांबडा ठिपका असतो, तो नुसती खूण,
घरमालक बाहेर गेला तरी दारावर पाटी असते तशी.
खरा उजेड त्याच्याआडून मुकाट आत शिरतो,
केसांतून, कातड्यातून, शिरेपर्यंत.
"चालू आहे का?" मी पहिल्या दिवशी विचारलं.
पेटी टुक् म्हणाली. तेवढंच उत्तर.

पाय मी धरतो.
सदतीस वर्षं पाय धरतोय, घोड्यांचे.
माणसांचे धरले असते
तर आज माझीही पागा असती, असं बायको म्हणायची.

माझा उजवा अंगठा मुळाशी झिजलाय.
हाडाला हाड घासतं, बिजागरीत वाळू गेल्यासारखं,
आणि जूनच्या गारठ्यात, पहाटे मातेसाठी किटली उचलताना,
मनगटापासून कोपरापर्यंत कुणीतरी तार ओढतं
आणि सोडून देतं.
हे मी बाईंना सांगितलं नव्हतं.
कापराच्या तेलाच्या बाटलीचं बूच मी दातांनी काढतो,
ते त्यांनी पाहिलं असणार.

सातव्या आठवड्यात, एका मंगळवारी,
घोडीची मिनिटं संपली. टुक्.
मी पाय खाली ठेवायला वाकलो.
"हलू नका, विल्मार. अजून एक जागा राहिलीय."
आणि तो तांबडा ठिपका
घोडीच्या नडगीवरून घसरला
माझ्या अंगठ्याच्या मुळाशी येऊन थांबला.
बाई घोडीच्या खुराकडे बघत होत्या.
मग मीही खुराकडेच बघत राहिलो.
भाजलं नाही. टोचलं नाही.
बाहेर टेरोंची एक जोडी कुणावर तरी ओरडत होती.
चार मिनिटं.
वहीत त्यांनी लिहिलं: सेनिसा, डावा पाय, चौदा मिनिटं.
दहा व्हायला हवी होती.

त्यानंतर दर मंगळवारी चौदा.

दहाव्या आठवड्यात बाईंनी फीत लावली.
सूज बोटभर उतरलेली.
उजेडानं, की नुसतं उभं राहिल्यानं,
ते मलाही ठाऊक नाही, म्हणाल्या, पण उतरलीय.
घोडीला तर कुणी सांगितलंच नव्हतं की तिला बरं वाटणार आहे.
तिनं विश्वास ठेवला नाही, नवस केला नाही,
डॉक्टरांचा शब्द राखावा म्हणून लंगडणं लपवलं नाही.
पोंचोच्या अंधारात गवत चघळत राहिली.
तिचा पाय खोटं बोलत नाही.

माझ्या हाताचं तसं नाही.
माझा हात फार वर्षांनी कुणीतरी
जरा वेळ काही न मागता धरला होता.
अशा वेळी दुखणंसुद्धा भिडेखातर दोन पावलं मागे सरतं.
त्यातलं उजेडाचं किती, आणि
वहीतल्या त्या जास्तीच्या चार मिनिटांचं किती,
फितीवर मोजता येत नाही.

आज सकाळी बाटलीचं बूच
अंगठ्यानं निघालं, अर्ध्यापर्यंत.
पुढचं
दातांनी.